बोट उचलायला शिकले

१९७६ साली मी सांगलीत मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली आणि पुढच्या वर्षी ४० शब्दांची. त्यानंतर सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि निवृत्तीपर्यंत टाइपरायटरवर बोटं आपटली. आपटली हाच शब्द बरोबर आहे. वर मूळ कागद, खाली चार कार्बन आणि सगळ्यांत खालची प्रतही वाचता आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कळ जोरातच मारावी लागे, करंगळीनेसुद्धा. शेवटच्या काही वर्षांत कचेरीत कॉम्प्युटर आले, पण कळा कळाच होत्या. दाबल्याचं बोटाला कळत होतं.

गेल्या दिवाळीत मुलीने माझ्यासाठी दहा इंची अँड्रॉइड टॅब आणला. त्यामागे कारण होतं. माझ्या आईची एक वही आहे. तिच्या आईकडून आणि आत्याकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने पेन्सिलीने उतरवून ठेवल्या आहेत. आईची शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर बारीक, आणि आता पेन्सिल पार पुसट झाली आहे. पानं उलटताना कडा मोडतात. मुलीने दोन दिवस बसून सगळ्या पानांचे फोटो काढले आणि टॅबवर घातले. म्हणाली, "आई, फोटो मोठा करून वाच आणि टॅबवरच टाइप कर. तुझ्याइतकं चांगलं हे कुणी टाइप करणार नाही."

शिकवायचं काम आठवीतल्या नातवाकडे आलं. तो मनापासून शिकवत होता, पण त्याचं बोट इतकं भरभर चालायचं की मला फक्त पडद्यावरचा बदल दिसायचा, बोटाने काय केलं ते दिसायचंच नाही. "आजी, हे बघ, असं." आणि झालेलं असायचं. चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तू टॅबला हात लावू नकोस. माझ्या शेजारी बस आणि नुसतं सांग." ते त्याला जड गेलं. स्वाइप कर, पिंच कर, लाँग प्रेस कर, एवढेच शब्द त्याच्याकडे होते. सुट्टी संपली, ते लोक नागपूरला गेले आणि टॅब आणि मी दोघं घरात उरलो.

मग मी एक वही केली आणि बोटाच्या प्रत्येक हालचालीला आपला शब्द लिहिला. हे मला फार उपयोगी पडलं. नवशिक्या माणसाला मी आजही हेच सांगेन की आधी शब्द ठरवा. क्लिकला मराठीत टिचकी म्हणतात हे मी वाचलं होतं, पण टिचकीत नखाचा फटका येतो, आणि इथे नख अजिबात चालत नाही. म्हणून मी 'टेकवणं' लिहिलं. पान वर-खाली करायला 'सरकवणं'. बोट ठेवून थांबायला 'धरून ठेवणं'. धरून तसंच दुसरीकडे न्यायला 'ओढणं'. आणि फोटो मोठा करायला 'चिमूट उघडणं'. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळलेली असतात तशी ती काचेवर टेकवायची आणि हळूहळू लांब न्यायची. चित्र मोठं होतं. परत जवळ आणली की लहान. नातवाचा पिंच चार दिवसांत जमला नव्हता, चिमूट एका सकाळीत जमली, कारण ती हाताला आधीच येत होती.

नख का चालत नाही, ते वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलीने सांगितलं. ती इंजिनिअरिंगला आहे. काचेच्या आत वीज वाहून नेणारा पातळ, पारदर्शक थर असतो आणि त्याच्यावर अगदी मंद विद्युतक्षेत्र असतं. आपल्या अंगातून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकलं की तेवढ्या जागी ते क्षेत्र बदलतं आणि टॅब ती जागा ओळखतो. जोराचा यात काहीच संबंध नाही. नखातून किंवा सुती हातमोज्यातून हा बदल पुरेसा पोहोचत नाही. आणि माझ्या वयात बोटांची टोकं कोरडी पडतात, थंडीत तर फारच. मी चारचारदा टेकवूनही काही होत नव्हतं त्याचं हे एक कारण निघालं. आता टॅब घेण्याआधी हाताला थोडं क्रीम चोळते आणि नीट पुसून घेते. ओल्या हाताने मात्र घेऊ नये. पाण्याच्या थेंबालाही तो बोट समजतो आणि पडदा मनानेच उड्या मारायला लागतो. साधा, जुना चार्जर लावून टॅब वापरतानाही माझ्याकडे असंच व्हायचं. टॅबबरोबर आलेला चार्जर लावल्यापासून थांबलं.

पण माझी खरी अडचण वेगळी होती. मी टेकवत होते आणि टॅबला ते धरून ठेवणं वाटत होतं. एखाद्या अ‍ॅपच्या छोट्या चित्रावर बोट ठेवलं की ते उघडण्याऐवजी छोटी यादी समोर यायची, किंवा चित्रच बोटाबरोबर चालायला लागायचं. एकदा फोटोंचं चित्र असंच ओढलं गेलं आणि दिसेनासं झालं. आईची सगळी वही गेली असं वाटून मी तशीच उठले आणि देवासमोर जाऊन बसले. ते चित्र फक्त पहिल्या पडद्यावरून हटलं होतं, खालून वर सरकवल्यावर सगळ्या चित्रांच्या यादीत जागच्या जागी होतं, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

तेव्हा मी बसून नीट पाहिलं की माझं बोट करतं काय. टाइपरायटरवर बोट कळेवर आदळलं की अक्षर उमटतं. काम तिथेच संपतं, बोट मागे कसं आलं याला महत्त्व नाही. म्हणून माझं सगळं लक्ष खाली जाण्यावर होतं. बोट काचेवर गेलं की मी दाबायची, आणखी दाबायची आणि पडद्यावर काही व्हायची वाट बघायची. काही होत नसे, कारण टॅब माझी वाट बघत असे. त्याचं काम बोट उचलल्यावर होतं!

हे कळल्याचा तो सकाळचा अर्धा तास मला लख्ख आठवतो. मी एकाच चित्रावर बोट टेकवून लगेच उचलत होते आणि ते दर वेळी उघडत होतं. मग आणखी एक गोष्ट सापडली. चुकीच्या ठिकाणी बोट टेकलं असेल तर ते न उचलता बाजूला सरकवायचं आणि मोकळ्या जागी सोडायचं. बहुतेक वेळा चूक होतच नाही. टाइपरायटरवर असं कधी नव्हतं. तिथे चुकलेलं अक्षर पाचही प्रतींवर उमटलेलं असायचं आणि प्रत्येक प्रत वेगळी खोडावी लागायची. बोट काचेवर असेपर्यंत विचार बदलता येतो, ही सोय मला मोठी वाटली. भीती तिथून कमी झाली.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. तिथे किती वेळ बोट ठेवलं म्हणजे धरून ठेवणं समजायचं, हे कमी, मध्यम, जास्त असं ठरवता येतं. मी जास्त केलं. अक्षरांचा आकारही सेटिंग्जमध्येच वाढवता येतो. हात कापणाऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या माणसाच्या टॅबवर घरच्यांनी ही दोन कामं पहिल्याच दिवशी करून द्यावीत. माझा पहिला महिना त्यावाचून गेला.

कडांचा त्रास राहिला होता. ओव्यांचं पान वाचता वाचता एकदम मागचा पडदा येई. नव्या अँड्रॉइडमध्ये खाली बटणं नसतात. डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवलं की मागे जायचं, खालच्या कडेवरून वर सरकवलं की मुख्य पडद्यावर जायचं. मी टॅब दोन्ही हातांत पोथीसारखा धरायची आणि माझे अंगठे कडेवर हलायचे. सेटिंग्जमध्ये सिस्टम नेव्हिगेशन शोधून मी तीन बटणांची जुनी पद्धत घेतली. मागे, मुख्य आणि उघडलेल्यांची यादी ही तीन बटणं आता कायम खाली दिसतात. वरच्या मुलीला ते जुनाट वाटतं. मला जे दिसतं ते लक्षात राहतं.

टायपिंगच्या क्लासमध्ये मॅडम पहिले पंधरा दिवस एकच ओळ टाइप करून घ्यायच्या. तशी ओळ मला हवी होती. ती मिळाली गूगल मॅप्समध्ये. रोज दुपारी अर्धा तास मी सांगलीचा नकाशा उघडायची. एका बोटाने सरकवत कृष्णेच्या काठाने निघायचं, आयर्विन पुलापाशी थांबायचं, चिमूट उघडून पूल मोठा करायचा, बंद करून पुन्हा सगळं शहर बघायचं, मग नदीबरोबर हरिपूरला संगमापर्यंत जायचं, जिथे वारणा येऊन मिळते. तिथे माझं माहेर. पुसायचं नाही, बिघडायचं नाही, त्यामुळे हात मोकळा झाला. दोन बोटं टेकवून फिरवली की नकाशाही फिरतो. पहिल्यांदा तसा फिरला तेव्हा नदी उलटीच वाहताना दिसली. कोपऱ्यात होकायंत्राचं लहान चित्र येतं, त्यावर बोट टेकवलं की उत्तर पुन्हा वर येते. आणि ज्याला दोन बोटं जमत नाहीत त्याच्यासाठी तिथे एका बोटाची वाट आहे. दोनदा पटकन टेकवायचं, दुसऱ्यांदा उचलायचं नाही, आणि तसंच वर किंवा खाली न्यायचं. नकाशा लहानमोठा होतो. माझ्या जाऊबाईंचा डावा हात अर्धांगाने गेला आहे, त्यांना मी हे शिकवलं.

फेब्रुवारीत टॅब अचानक बोलायला लागला. मी त्याला नवं कव्हर घालत होते. त्यात आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबली गेली, पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं आणि मी न वाचता होकार दिला. त्यानंतर बोट जिथे टेकवावं तिथलं नाव तो मोठ्याने वाचायचा, भोवती चौकट यायची, पण उघडायचं काहीच नाही. सरकवूनही पान हलेना. दोन महिन्यांत बोटांना बसलेलं सगळं एका क्षणात निरुपयोगी झालं. बाजारातल्या एका दुकानात नेला. त्याने दोन मिनिटं पाहून सांगितलं, सगळं पुसून नव्याने करावं लागेल, पैसे पडतील. आईचे फोटो होते म्हणून मी टॅब काढून घेतला आणि घरी आले.

वरची मुलगी रात्री आली आणि म्हणाली, "आजी, याला काही झालेलं नाही. हे टॉकबॅक आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी." एकदा टेकवलं की तो नाव सांगतो, मग दोनदा टेकवलं की उघडतो, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बंद करायला आवाजाची दोन्ही बटणं पुन्हा तीन सेकंद एकत्र धरायची. ती बंद करायला निघाली तेव्हा मीच म्हटलं, थांब. आमच्या कचेरीतले टेलिफोन ऑपरेटर दृष्टिहीन होते. पन्नास विभागांचे नंबर त्यांना पाठ होते, पण स्वतःला आलेलं पत्र वाचून घ्यायला ते माझ्या टेबलाशी येत. मी ते पाकीट उघडायची आणि त्यांच्या घरातल्या गोष्टी माझ्या तोंडून त्यांना ऐकाव्या लागायच्या. त्या रात्री मी डोळे मिटून टॅबवर बोट फिरवलं, घड्याळ ऐकलं, बॅटरी किती आहे ते ऐकलं, मुलीचा संदेश ऐकला. मग बंद केलं.

टाइप करणं मी मार्चमध्ये सुरू केलं. आमच्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, कारण ती डावीकडे बसते. 'दिवा' लिहिताना आधी वेलांटी, मग द. टॅबवर आधी द, मग वेलांटी. चाळीस वर्षांची सवय मोडायला तीन आठवडे लागले, आणि वेग आजही मिनिटाला बाराच्या वर गेलेला नाही. काही अक्षरं कळेखाली दडलेली असतात. कळ धरून ठेवली की वर सोबतची अक्षरं उघडतात, बोट न उचलता हव्या त्या अक्षरावर न्यायचं आणि तिथे उचलायचं. ओळीच्या मधे जायला खालच्या मोकळ्या लांब पट्टीवर, म्हणजे स्पेस बारवर, बोट डावी-उजवीकडे सरकवायचं, कर्सर एकेक अक्षर मागेपुढे जातो. हे कळण्याआधी मी एका वेलांटीसाठी अख्खी ओळ पुसून पुन्हा लिहीत होते.

परवा छत्तिसावं पान केलं. लेकीची ओवी आहे. वहीत मी ती कितीदा वाचली आहे, 'लेक' असाच शब्द आहे. टॅबवर चिमूट उघडत गेले, अक्षर तळहाताएवढं झालं, तेव्हा 'लेक'च्या खाली खोडरबराचा पट्टा दिसला आणि त्याच्याही खाली पेन्सिलीचा दाब. आईने तिथे आधी दुसरं काही लिहिलं होतं. मी उजेड वाढवला, आणखी मोठं केलं. माझं घरातलं नाव होतं. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही.

मी 'लेक' टाइप केलं, त्याच्यापुढे कंस केला आणि कंसात ते नाव घातलं. सदतिसावं पान उघडून ठेवलं आहे.