तुम्ही विचारलंत म्हणून: देवासमोर लग्न झालं, मग नोंदणी कशाला?

"देवासमोर शपथ घेतली, मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, आशीर्वाद दिला. मग सरकारी कागद कशाला?" लग्न ठरलेली मुलंमुली मला हे हमखास विचारतात. आदाम-हव्वेची कुठे नोंदणी झाली होती, असंही कुणी म्हणतं.

लग्न होतं ते दोघांच्या होकाराने, हे ख्रिस्ती परंपरेत फार जुनं मत आहे. मध्ययुगात पश्चिमेच्या चर्चमध्ये दोघांनी एकमेकांना वचन दिलं की लग्न वैध धरलं जाई, पाळक किंवा साक्षीदार नसले तरी. पण पुढे नवरा नाकबूल झाला, तर बायकोकडे दाखवायला काहीच नसे. म्हणून 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, लग्न आधी जाहीर करायला लावलं. तरी चोरून लग्नं होतच राहिली. शेवटी 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्याशिवाय झालेलं लग्न अवैध ठरवलं. लग्न चारचौघांत व्हावं, हा आग्रह चर्चने स्वतःच धरला होता. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनेही लग्नाला देवाने नेमलेली अवस्था मानलं, आणि त्याचे व्यवहार मात्र राज्यकर्त्यांकडे सोपवले.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रेषित पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, आणि तेही केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे. नोंदणीत देवाच्या आज्ञेविरुद्ध काहीच नाही, मग ती टाळायला आधार कुठला?

कायदाच लग्न नाकारतो तेव्हा गोष्ट वेगळी. अमेरिकेत गुलामांच्या लग्नाला कायदा लग्न मानत नसे. मालक नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकू शकत असे, म्हणून काही ठिकाणी शपथच बदलली होती: "मृत्यू किंवा अंतर आपल्याला वेगळं करीपर्यंत." ही शपथ वाचली की मला आजही संताप येतो. देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, हे येशूचं वचन तिथे कायद्यानेच पायदळी तुडवलं. तिथे ती माणसं देवासमोर नवरा-बायको होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे येशूचा शिष्य पेत्र याचं बायबलमधलं उत्तर अशाच जागेसाठी आहे.

आणि गुलामगिरी संपल्यावर त्यांनी काय केलं? 1865-66 च्या सुमारास हजारो जोडपी आपली जुनी लग्नं नोंदवायला गेली. देवासमोरचं लग्न काय असतं, हे त्यांच्याहून कोण जास्त जाणत होतं? तरी त्यांना कागद हवा होता, कारण त्यामुळे बायकोला हक्क मिळणार होता आणि मुलं औरस ठरणार होती. नोंदणीला मी शेजारप्रीतीचा भाग मानते, ते यामुळे. कागद नसला की मार पडतो तो बहुधा दुबळ्यावर.

सगळ्यात अवघड प्रश्न वयस्कर विधवा-विधुर विचारतात. नोंदणी केली तर आधीच्या जोडीदाराची पेन्शन बंद होईल. मग फक्त चर्चमध्ये लग्न केलं तर? मी नाही म्हणते. मंडळीसमोर विवाहित आणि पेन्शनच्या अर्जावर एकटं, हे खोटं आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातही, देशाचा कायदा मान्य करणार नाही असं लग्न लावण्याआधी सामान्यतः बिशपांची परवानगी लागते. पण एवढं सांगून त्यांना घरी पाठवणं मला जमत नाही. पेन्शन गेल्यावर औषधपाणी कसं चालेल, हेही मंडळीने त्याच बैठकीत विचारायला हवं आणि लागेल तो भार उचलायला हवा.