तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा मोटरसाठी एवढं धूड कशाला?

घरी येणारा प्रत्येक जण टेबलावरची ती बिस्किटी रंगाची पेटी बघतो, तिच्या पोटाखालून निघालेली चपटी वायर बघतो, वायरीच्या टोकाची लेगोच्या ठोकळ्यांची लिफ्ट बघतो आणि विचारतो, "अहो, हे चार-पाचशेच्या आर्डुइनोच्या चिमुकल्या कंट्रोलर बोर्डावर होतं की! हे चाळीस वर्षांपूर्वीचं धूड कशाला?" आमच्या साडूंनी तर तीनदा विचारून झालंय. दरवेळी मी काहीतरी गुळमुळीत सांगून चहा पुढे करतो. आता एकदाचं नीट सांगतो.

पेटी म्हणजे बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये काढलेला, ३२ के मेमरीचा. १९८४-८५ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी 'क्लास' योजनेतून तो आपल्याकडच्या शाळांत आला, तसा आमच्याही शाळेत. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, एका कॉम्प्युटरसमोर चौघांनी बसायचं आणि तास संपला की त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. उदबत्ती तेवढी लावायची बाकी होती. ह्या मशीनचे बरेचसे पोर्ट, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या जागा, कीबोर्डाखाली, पोटाशी असतात. पण ते उचलून बघायची कुणाची टाप! त्यांतल्या एकाचं नावच 'यूजर पोर्ट'. वापरणाऱ्याने हवं ते जोडावं म्हणून मोकळा सोडलेला. हे मला कळलं पन्नाशीला.

तिकडे इंग्लंडातल्या शाळांत मुलं ह्याच पोर्टाला लेगो जोडत होती. १९८६ च्या सुमारास लेगोने शाळांसाठी एक इंटरफेस बॉक्स काढला: सहा आउटपुट, दोन इनपुट. बीबीसीला चालायचा तसा अ‍ॅपल टू आणि कमोडोर ६४ लाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये सीमोर पॅपर्ट आणि मंडळी त्यांची मुलांसाठीची लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि लेगोच्या मोटरी एकत्र आणत होती. पुढे १९९८ मध्ये आलेला लेगोचा रोबोट-संच माइंडस्टॉर्म्स त्याच घराण्यातला.

तो मूळ बॉक्स परदेशातून मागवायचा म्हणजे कस्टमसकट खिशाला खड्डा. म्हणून मी एल२९३डी ही मोटर चालवायची चिप घेऊन घरीच बोर्ड केला. पोर्टाला मोटर थेट लावायची नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पिनेची ताकद काही मिलिअँपिअरची, मोटरची भूक शंभरांत. शिवाय बंद होताना मोटर उलटा झटका मारते, तो वेगळाच. ही चिप एका चॅनेलला ६०० मिलिअँपिअर देते आणि झटका गिळायचे डायोड तिच्या पोटातच असतात.

आता खरं उत्तर. मी टाइप करतो: ?६५१२२=६३. बीबीसी बेसिक ह्या मशीनच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रश्नचिन्हाने विचारतातही आणि हुकूमही सोडतात. हा हुकूम: पोर्टाच्या तारांची दिशा ठरवणाऱ्या मेमरीतल्या ह्या पत्त्यावर ६३ ठेव. ६३ म्हणजे ३२, १६, ८, ४, २ आणि १ ची बेरीज, म्हणून पोर्टाच्या आठ तारांपैकी खालच्या सहा बाहेर जाणाऱ्या झाल्या, वरच्या दोन आत येणाऱ्या राहिल्या. मग ?६५१२०=१ म्हटलं की लिफ्ट वर, २ म्हटलं की खाली, ० म्हटलं की उभी. मी लिहिलेला अंक तसाच्या तसा तारांवर जाऊन बसतो. मध्ये लायब्ररी नाही, अपडेट नाही. मल्टिमीटर लावला तर तो १ मोजता येतो. एका मित्राकडे कमोडोर ६४ आहे. त्याचे पत्ते वेगळे, ५६५७९ आणि ५६५७७, पण ६३ तोच. आर्डुइनोतही आतमध्ये हेच आहे, मान्य. पण तिथवर उतरायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

माझ्यावर आली ती पहिल्याच दिवशी. लिफ्ट वर चाललेली असताना मी रुबाबात एस्केप दाबलं. प्रोग्रॅम थांबला, पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागला, मोटर आपली चालूच! प्रोग्रॅम मेला तरी पोर्ट शेवटचा अंक धरून बसतो, हे मला कुठे माहीत? दोरा रिळावर गच्च आवळला. घाईत शून्याऐवजी ओ दाबला, तर पडद्यावर उत्तर आलं की असा व्हेरिएबलच नाही. तोवर पाळण्याने छप्पर उचकटलं होतं आणि पिवळे ठोकळे सोफ्याखाली. आता पहिली ओळ 'ऑन एरर'ची: काही बिनसलं की आधी पोर्टात शून्य, मग बाकीचं. वरच्या टोकाला एक बटणही बसवलंय. त्याची तार ६४ ची.

मोटर हळू चालवायची म्हणजे ती भराभर चालू-बंद करायची. बेसिकमध्ये केलं तर हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहायला तीन रविवार गेले. अजून कुईकुई करतेच.

परवा साडू आले, चौथ्यांदा विचारायच्या बेतात होते. मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी १ दिलं, २ दिलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "३ दिलं तर? म्हणजे दोन्ही तारा एकदम?"

"देऊन बघा."

लिफ्ट थांबली. ० ला थांबते, तशीच.

"मग ० आणि ३ मध्ये फरक काय?"

मी मल्टिमीटरच्या दोन्ही सळया त्यांच्या हातात दिल्या.