पाती किती मिटायची, हे कोणी ठरवायचे?

यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या डिझेल इंजिनावर बदलत्या पात्यांचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) बसवला की त्या पात्यांना हुकूम देणारे कोणी उरत नाही. हा टर्बो ज्या गाडीतून निघालेला असतो तिथे ते काम गाडीचा संगणक करतो. माझ्या इंजिनाला संगणकच नव्हता. साध्या टर्बोला वेस्टगेटची, म्हणजे जादा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग पुरते, इथे मात्र क्षणाक्षणाला निर्णय घेणारा नियंत्रक हवा होता आणि तो मी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतः बांधायचे ठरवले.

टर्बाइनच्या चाकाभोवती या पात्यांचे कडे असते. पाती मिटली की त्यांच्यामधली वाट अरुंद होते, एक्झॉस्टचा वायू अधिक वेगाने चाकावर आदळतो आणि कमी फेऱ्यांवरही बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा वाढीव दाब, तयार होतो. फेऱ्या वाढल्यावर तीच पाती उघडून वाट मोकळी करावी लागते, नाहीतर इंजिन स्वतःच्याच धुराने गुदमरते. पाती हलवणारी दांडी डायफ्रामच्या डबीला जोडलेली असते. माझ्या टर्बोत डबीला व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात आणि तो गेला की आतली स्प्रिंग ती उघडते. ही उलटी वाटणारी रचना मला फार शहाणपणाची वाटते, कारण नळी फाटली किंवा तार तुटली तरी गाडी फक्त मंद होते, इंजिनाला इजा होत नाही. डिझेलच्या इनटेकमध्ये व्हॅक्यूम आयता मिळत नाही, म्हणून ब्रेकसाठी असलेल्या पंपावरूनच एक फाटा घेतला.

डबी आणि हा पंप यांच्यामध्ये विजेच्या कॉइलवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे. त्याला पल्स द्यायचे आणि त्यांची रुंदी बदलून डबीतला व्हॅक्यूम कमीजास्त करायचा. आर्डुइनो ऊनोच्या नऊ क्रमांकाच्या पिनवर मुळात सुमारे ४९० हर्ट्झची वारंवारता मिळते. टायमरचे सेटिंग बदलून मी ती १२२ हर्ट्झवर आणली, कारण त्या वेगाला माझा व्हॉल्व्ह अधिक सरळ वागत होता. पिन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) आणि कॉइलवर उलटा डायोड, एवढेच. बूस्टसाठी एमपीएक्स ४२५० हा सेन्सर वापरला. तो निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण, दाब २० ते २५० किलोपास्कलपर्यंत मोजतो आणि दर किलोपास्कलला २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे आर्डुइनोच्या मोजणीत सुमारे चार अंक. इतकी बारकाई पुरेशी आहे. इंजिनाच्या फेऱ्या अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (तिथे फेऱ्यांच्या प्रमाणात पल्स मिळतात) घेतल्या आणि इंधनपंपाच्या लिव्हरवर त्याची स्थिती सांगणारा एक पोटेन्शिओमीटर बसवला.

सुरुवातीला फेऱ्या आणि लिव्हर यांचे साधे कोष्टक करून त्यानुसार पल्सची रुंदी ठरवली. सकाळी ते उत्तम चाले आणि तासाभराने बूस्ट घसरे. कारण व्हॉल्व्हच्या कॉइलमध्येच होते: तांब्याचा रोध २० अंशांवरून १०० अंशांवर जाताना तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, त्यामुळे प्रवाह कमी होतो आणि तीच रुंदी कमी व्हॅक्यूम देते. म्हणून कोष्टकावर पीआयडीची दुरुस्ती चढवली, म्हणजे हवा तेवढा बूस्ट आणि प्रत्यक्षातला बूस्ट यांतला फरक पाहून नियंत्रकाने रुंदी आपणच सुधारावी. बूस्ट रेषेत आला आणि मी, थोड्या घाईने, काम संपले असे धरले.

मग एका चढावर कंप्रेसरपासून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागापासून) हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होसचा क्लॅम्प सैल झाला. नियंत्रकाला २०० किलोपास्कल हवे होते आणि सेन्सर १५० च्या पुढे जात नव्हता. बिचाऱ्या प्रोग्रॅमला एवढेच ठाऊक होते की बूस्ट कमी आहे, म्हणजे पाती आणखी मिटवायची. इंटिग्रल, म्हणजे पीआयडीतली मागच्या फरकांची बेरीज, साचत गेले आणि पाती शेवटच्या टोकाला जाऊन बसली. हवा बाहेर गळत होती, एक्झॉस्टचा दाब वाढत होता, मागे काळा धूर होता आणि एक्झॉस्टचे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचा आकडा ७२० अंशांपुढे गेला, तेव्हा मी पाय उचलला. टर्बो वाचला तो माझ्यामुळे, नियंत्रकामुळे नव्हे.

त्यानंतर लिहिलेला प्रोग्रॅमचा भाग मूळ भागापेक्षा मोठा आहे. आता पीआयडीला कोष्टकातल्या आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक फेरफार करता येत नाही आणि ती मर्यादा गाठल्यावर इंटिग्रल साचणे थांबते. दोन सेकंदांत बूस्ट जवळपास आला नाही, तर गळती गृहीत धरून पाती पूर्ण उघडली जातात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लांब धातूची नळी जोडून, वायू थंड झाल्यावर त्याचाही दाब मोजतो. तो बूस्टच्या दीडपटीपुढे गेला की पाती सैल होतात, मग बूस्ट कितीही कमी असो. उंचीचाही विचार करावा लागला. बाहेरचा दाब ८० किलोपास्कल असताना २०० चा हट्ट धरला, तर कंप्रेसरला दुपटीऐवजी अडीचपट दाब द्यावा लागतो आणि टर्बोच्या फेऱ्या बेसुमार वाढतात. त्यामुळे इंजिन सुरू होण्याआधी सेन्सर बाहेरचा दाब वाचतो आणि लक्ष्य त्या प्रमाणात खाली येते.

एक कटकट अजून आहे. काजळीमुळे पाती किंचित अडकतात, त्यामुळे मिटतानाचा आणि उघडतानाचा आकडा एकच राहत नाही. त्यावर उपाय म्हणून इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना, नियंत्रक पाती दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. बॉनेट उघडे असेल तर दांडीची ती हालचाल दिसते आणि ती अडखळत असेल तर मी त्या दिवशी गाडी चढावर नेत नाही.