शिडाच्या बोटीवरचे शनिवार-रविवार : लेक सुपीरियर, ऑगस्टअखेर

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसहून साडेतीनशे किलोमीटरवर, लेक सुपीरियरच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या काठावर, बेफील्ड नावाचे जेमतेम सहाशे वस्तीचे गाव आहे. तिथल्या मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, आमची शिडाची बोट असते. ती तीस फुटी आहे, जुनी आहे, आणि आमच्यासह आणखी एका मराठी कुटुंबाच्या मालकीची आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात ती पाण्यात उतरते आणि ऑक्टोबरात, बर्फ येण्याच्या पुष्कळ आधी, क्रेनने उचलून जमिनीवर ठेवली जाते. या मधल्या काळातले सर्वांत उत्तम आठवडे म्हणजे ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात, असे माझे ठाम मत आहे. घरची माणसे फोनवर विचारतात, की दर शुक्रवारी चार तास गाडी चालवून तुम्ही त्या बोटीवर नेमके करता तरी काय. त्याचे सविस्तर उत्तर म्हणून हे लिहीत आहे.

आधी त्या पाण्याविषयी सांगायला हवे, कारण ‘लेक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा किंवा फार तर पवनेचा जलाशय येतो. लेक सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे 82,100 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिकच. त्याची सर्वांत जास्त खोली 406 मीटर आहे आणि जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे दहा टक्के पाणी या एकाच सरोवरात आहे. पैलतीर दिसत नाही. इथून लोहखनिज वाहून नेणारी, तीनशे मीटर लांबीपर्यंतची जहाजे जातात. ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे 222 मीटर लांबीचे मालवाहू जहाज 10 नोव्हेंबर 1975 रोजी याच सरोवरातल्या वादळात बुडाले आणि त्यावरच्या 29 खलाशांपैकी एकही वाचला नाही. मरीनातली जुनीजाणती माणसे हवामानाविषयी इतक्या गांभीर्याने का बोलतात, हे त्यावरून समजते.

बेफील्डच्या पुढ्यात बावीस बेटांचा समूह पसरलेला आहे. त्यांतली एकवीस बेटे 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘अपॉसल आयलंड्स नॅशनल लेकशोर’ या संरक्षित क्षेत्रात येतात. उरलेल्या मॅडलिन बेटावर बाराही महिने वस्ती असते. बेटांमुळे वाऱ्याला आणि लाटांना आडोसा मिळतो, एका बेटापासून दुसरे बेट काही तासांच्या अंतरावर असते, आणि म्हणूनच आमच्यासारख्या नोकरदार माणसांना शनिवार-रविवारच्या मापात बसेल एवढे हे पाणी आहे.

शुक्रवारी रात्री मरीनात पोहोचलो, की सामान लावण्याआधी व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरचे बिनतारी यंत्र, सुरू केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठीचे भाकीत त्यावर अखंड वाचले जात असते : वारा कोणत्या दिशेचा, किती नॉटचा (नॉट हे वेगाचे सागरी माप), लाटा किती फुटांच्या, वळवाचा पाऊस संभवतो की नाही. आमच्या दोन दिवसांचा सगळा बेत या भाकितावर ठरतो. ‘उद्या अमुक बेटावर जाऊ’ असे आम्ही गुरुवारी कधीच म्हणत नाही. वारा कुठून येणार हे कळल्याशिवाय कुठे जायचे हे ठरवता येत नाही, आणि रात्र कुठे काढायची हे तर मुळीच नाही.

स्टॉकटन बेटाचे उदाहरण घेतले, तर हे स्पष्ट होईल. हे बेट मरीनापासून, वारा अनुकूल असेल तर, तीनएक तासांच्या अंतरावर आहे. मॅडलिन आणि बासवुड या बेटांमधल्या खाडीवजा पट्ट्यातून बाहेर पडायचे, हर्मिट बेट डाव्या हाताला ठेवायचे आणि स्टॉकटनच्या दक्षिण किनाऱ्याने पुढे जायचे. बेटाच्या आग्नेय टोकाशी जमिनीची एक अरुंद, वाळूची पट्टी आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक उपसागर आहे. पश्चिमेकडचा प्रेस्क आइल उपसागर नैर्ऋत्येला उघडा आहे, तर पूर्वेकडचा ज्युलियन उपसागर पूर्वेला. नैर्ऋत्येचा वारा वाढणार असेल, तर ज्युलियनमध्ये नांगर टाकायचा. ईशान्येचा येणार असेल, तर प्रेस्क आइलमध्ये. दोन्ही ठिकाणे पायवाटेने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, पण चुकीच्या बाजूला मुक्काम केला तर रात्रभर बोट लाटांवर आडवी-तिडवी डोलत राहते आणि बरे-वाईट त्यावरच ठरते. वाऱ्याची दिशा मध्यरात्री बदलणार असे भाकीत असले, की संध्याकाळी बोटीवर जो विचारविनिमय चालतो, तो मला मनापासून आवडतो. नकाशा टेबलावर पसरलेला असतो, मुले मोठ्यांच्या बरोबरीने मत देतात, आणि त्या मताला खरोखर किंमत असते, कारण त्याची परीक्षा त्याच रात्री व्हायची असते.

नांगर टाकणे हे काम शांतपणे आणि नीट करावे लागते. नांगर आपल्या वजनाने बोट धरून ठेवत नाही. तो तळाच्या वाळूत रुतून धरतो, आणि तो रुतलेला राहावा यासाठी साखळी व दोर मिळून खोलीच्या पाच ते सातपट लांबी सोडावी लागते, म्हणजे ओढ आडवी राहते. पाच मीटर पाणी आणि एक मीटर डेकची उंची धरली, तर सातपटीच्या हिशेबाने बेचाळीस मीटर. मग इंजिन हळूच उलटे चालवून नांगर रुतला का ते पाहायचे, किनाऱ्यावरची दोन झाडे एका रेषेत धरून ठेवायची, आणि अर्ध्या तासाने ती अजून एका रेषेत आहेत का ते पुन्हा पाहायचे. अंधार पडला, की डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा लावायचा. हे सगळे झाल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही.

बोटीच्या पोटातले घर लहान आहे. मधले टेबल खाली घेतले, की त्याचे अंथरूण होते, रेल्वेच्या डब्यातल्या बाजूच्या आसनांचे होते तसे. पुढच्या त्रिकोणी केबिनमध्ये मुले झोपतात. स्वयंपाकाला दोन बर्नरची शेगडी आहे. बोट कलली तरी शेगडी सपाट राहावी म्हणून ती दोन बाजूंना टांगलेली असते. प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला, तळाला भोक असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि स्वयंपाक झाला रे झाला की त्याचा व्हॉल्व्ह बंद करतात. हा नियम आमच्या घरातल्या सर्वांत धाकट्या सदस्यालाही पाठ आहे. प्रेशर कुकरमध्ये मुगाची खिचडी, मेतकूट-भात, भाजणीचे थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घरचे लोणचे, एवढ्यात दोन दिवस उत्तम जातात. सकाळी पोह्यांची फोडणी पडली, की शेजारी नांगरलेल्या बोटींवरून हमखास चौकशी होते आणि एखादी ताटली डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, तिकडे जाते. अशा ताटल्यांतूनच आमच्या बहुतेक ओळखी झाल्या आहेत, आणि वारा ओळखायला आम्हांला याच लोकांनी शिकवले.

पाणी आणि वीज मात्र मोजून वापरावी लागते. टाकीतले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. भांड्यांचा पहिला हात सरोवराच्या पाण्याने. छोट्या सौर पॅनेलवर जेवढी बॅटरी भरेल, तेवढ्यावर दिवे, रेडिओ आणि फोन चालवायचे. शौचालयाचे सांडपाणी बोटीतल्याच बंद टाकीत साठवायचे असते आणि मरीनात परतल्यावर ते पंपाने उपसून घेतात. ते सरोवरात सोडण्यास सक्त मनाई आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आई आमच्याकडे आली होती. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बैठकीत, गालिचा घालून ती बसली होती, आणि चार माणसांच्या आंघोळीवाचूनच्या दोन दिवसांत एवढेसे पाणी संपले हे पाहून म्हणाली, “अगं, आमच्या लहानपणी आडावरून दोन कळश्या आणायच्या, तेव्हा घरात असंच वागायचो आम्ही.” पुढचे दोन दिवस भांड्यांचे पाणी तिनेच ताब्यात घेतले आणि आम्हा सर्वांपेक्षा कितीतरी कमी पाण्यात निभावले.

ऑगस्टअखेरीलाच हे सगळे का जुळून येते, त्याला कारणे आहेत. एवढ्या प्रचंड पाण्याला तापायला सबंध उन्हाळा लागतो. जूनमध्ये काठावर ऊन असले तरी पाणी बर्फासारखे गार असते, आणि त्यावरून दमट, उबदार हवा वाहू लागली की दाट धुके धरते. ऑगस्टअखेर आडोशाच्या उपसागरांत पोहता येईल इतपत पाणी कोमट होते. तरीही बाहेरच्या बेटांपाशी वाऱ्याने वरचा ऊबदार थर ढकलून नेला, की खालचे थंड पाणी वर येते आणि एका रात्रीत सगळे बदलते. त्यामुळे लाइफ जॅकेटच्या बाबतीत आम्ही कोणताही महिना वेगळा मानत नाही. डास कमी झालेले असतात. सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुलांना जागे ठेवूनही आकाशगंगा दाखवता येते, जे जूनमध्ये शक्य नसते. सप्टेंबर सरू लागला, की मात्र वारे बळावतात. इथल्या लाटा महासागरातल्यांपेक्षा जवळजवळ येणाऱ्या आणि उभ्या चढणीच्या असतात. चार फुटांची लाटसुद्धा आमच्या आकाराच्या बोटीला चांगलीच दमवते. अशा वेळी मुख्य शीड आखडून लहान करायचे, पुढचे शीड अर्धे गुंडाळायचे, आणि तेही पुरे पडणार नसेल तर मुळात निघायचेच नाही.

बेटांवर उतरण्यासारखे पुष्कळ आहे. ज्युलियन उपसागराच्या काठावरची वाळू पाय घासत चालले की आवाज करते. मुले त्यात तासन्‌तास रमतात. स्टॉकटनवर काळी अस्वले आहेत, त्यामुळे अन्न उघड्यावर ठेवता येत नाही. रास्पबेरी बेटावरचे 1862 साली बांधलेले दीपगृह आणि त्याचे लाल छपराचे घर नीट दुरुस्त करून ठेवले आहे. डेव्हिल्स बेटाच्या उत्तर टोकाला लाटांनी वालुकाश्मात कोरलेल्या गुहा आहेत, पण तिथे बोट नेण्यासाठी अगदी शांत दिवस लागतो. बासवुड बेटावर 1868 पासून तपकिरी वालुकाश्माची खाण होती आणि तो दगड दूरच्या शहरांतल्या इमारतींसाठी जात असे. पुढे बांधकामाची पद्धत आणि आवड दोन्ही बदलले, खाणी बंद पडल्या, तोडलेले जंगल पुन्हा वाढले. आज त्या संरक्षित क्षेत्राच्या जमिनीपैकी सुमारे ऐंशी टक्के भाग, 2004 पासून, माणसाचा हात न लागू देण्याच्या वर्गात आहे.

मात्र या पाण्याचा इतिहास खाणींपासून सुरू होत नाही. हा ओजिब्वे लोकांचा प्रदेश आहे. सरोवराला ते गिचिगामी म्हणतात आणि मॅडलिन बेट त्यांच्या दृष्टीने पवित्र आहे. सरकारने त्यांना इथून पश्चिमेला हलवण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांचे प्रमुख केचेवाइश्के, नव्वदी ओलांडलेले असताना, 1852 मध्ये वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांना भेटले. हलवण्याचा तो आदेश मागे घेतला गेला. 1854 च्या ला पॉइंट इथल्या करारानुसार रेड क्लिफ आणि बॅड रिव्हर ही त्यांची राखीव क्षेत्रे ठरली, आणि ती आजही बेफील्डच्या दोन्ही अंगांना नांदती आहेत. केचेवाइश्के यांची समाधी मॅडलिन बेटावर आहे. मौजेसाठी येणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिथे जाऊन यावे, असे मला वाटते. हे पाणी आपल्याला कोणामुळे इतके स्वच्छ मिळाले, हे त्यामुळे लक्षात राहते.

गणेशोत्सव याच आठवड्यांत येतो. मंडळाच्या गणपतीचा शनिवार असला, की बोट मरीनातच राहते, त्यात चर्चेला जागा नाही. घरच्या शाडूच्या मूर्तीचे विसर्जन आम्ही घरीच बादलीत करतो आणि ती माती बागेत घालतो.

इकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना वाटते, की बोट नसेल तर हे पाहता येणार नाही. तसे नाही. बेफील्डहून मॅडलिन बेटाला मोटारीसह नेणारी फेरी वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवते, उन्हाळ्यात बेटांभोवती फिरवणाऱ्या प्रवासी बोटी असतात, आणि गावामागच्या टेकडीवरच्या बागांत सप्टेंबरमध्ये सफरचंदे उतरतात. मुलाबाळांकडे मिनेसोटात येणाऱ्या आई-वडिलांनी परतीचे तिकीट जुलैचे न काढता सप्टेंबरच्या मध्याचे काढावे आणि येताना भाजणी थोडी जास्त आणावी.