पत्ते कोण वाटतंय?

मार्चअखेरची सकाळ. इंदूरच्या रामबाग भागातल्या एका पतसंस्थेतून फोनवर फोन येत होते. ‘नेट गेलंय’, ‘सर्व्हर बसलाय’, ‘व्हायरस शिरलाय’. काउंटरवर ठेवीदारांची रांग, आणि निम्म्या मशीनवर खतावणी उघडेना. उरलेल्या निम्म्यांवर मात्र सगळं सुरळीत! सर्व्हर बसला असता तर सगळेच अडले असते.

या पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. तेव्हा मी सियागंजमध्ये दुसऱ्या कामावर होतो. तिथूनच लेखा विभागातल्या ताईंना फोन लावला. त्यांनी आधीच आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं होतं. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, आणि बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, त्यात दिसतात.

“दादा, माझा आयपी रोज १९२.१६८.१० ने सुरू होतो. आज १९२.१६८.०.१०७ दिसतोय. गेटवे पण १९२.१६८.०.१ झालाय.”

निम्मं काम त्यांनी तिथेच केलं. मशीन सुरू झालं की ते नेटवर्कवर हाक देतं, ‘मला पत्ता द्या.’ उत्तर देणाऱ्या सेवेला डीएचसीपी म्हणतात. कुणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. ताईंचा आकडा तसा नव्हता. म्हणजे उत्तर मिळालं होतं, पण आपल्या राउटरचं नव्हे. कुणीतरी दुसराच पत्ते वाटत होता, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचाच पत्ता मशीन सहसा घेतं. रात्री बंद न केलेल्या मशीनकडे जुना पत्ता टिकून होता, म्हणून ती चालत होती.

नव्या पत्त्याच्या मशीनना सर्व्हर का दिसेना, हेही यातच आलं. सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्कची हद्द सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे जुळणारी मशीनंच एका वाड्यातली बिऱ्हाडं. सर्व्हर राहिला जुन्या, १९२.१६८.१० च्या वाड्यात. बाहेर जायचं तर गेटवेच्या दारातून, आणि हा गेटवे कुठेच जात नव्हता.

पोचल्यावर ताईंच्या मशीनवर ‘एआरपी -ए’ चालवलं. १९२.१६८.०.१ समोरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, मिळाला. त्याचे पहिले सहा आकडे-अक्षरं कंपनी सांगतात; ही घरगुती वायफाय राउटर बनवणारी निघाली. मग सगळ्या केबल जिथे जुळतात त्या स्विचच्या यादीत तोच मॅक शोधला, त्याचा पोर्ट, म्हणजे केबलची खाच, सापडली आणि केबलचा माग काढत वसुली विभागात गेलो. कपाटामागे एक जुना राउटर लुकलुकत होता. नव्या प्रिंटरसाठी भिंतीत पोर्ट उरला नव्हता, म्हणून तिथल्या मुलाने आदल्या संध्याकाळी तो घरून आणून लावला होता. मुलगा पांढराफटक पडला. व्यवस्थापकांना मी स्पष्ट सांगितलं, याला रागावू नका. पोर्ट कमी आहेत हे त्याने कुणाला सांगायचं, तेच ठरलेलं नव्हतं.

केबल काढली, अडलेली मशीन पुन्हा सुरू केली, खतावण्या उघडल्या. ‘नेट गेलंय’ एवढ्याच निरोपावर मी इंटरनेटच्या लाइनपासून सुरुवात केली असती आणि रांग दुपारपर्यंत ताटकळली असती. आयपी, गेटवे ही नावं केवळ आमच्यासारख्यांची नाहीत असं मी म्हणतो, ते यासाठी. ताईंनी नेहमीचे आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवले होते. त्याच दिवशी आम्ही तशा चिठ्ठ्या प्रत्येक टेबलावर लावल्या.

राउटरही वाया घालवला नाही. त्याचं डीएचसीपी बंद केलं, १९२.१६८.१० मधला एक मोकळा पत्ता दिला आणि वसुलीचा प्रिंटर त्याच्यावरच जोडला.