कडेचे शब्द

जुलैतला गुरुवार होता. रात्रभर पाऊस लागून राहिला होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याची बातमी सकाळीच नाशिकच्या भद्रकालीत, आमच्या बाइंडिंगच्या दुकानात पोचली होती. अशा दिवशी आम्ही खळ शिजवत नाही. हवेत एवढी ओल असते की चिकटवलेला पुठ्ठा दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओला पुठ्ठा दाबाखाली ठेवला की हमखास वाकडा होतो. दुकानात मी आणि मामा दोघंच होतो. मामा म्हणजे अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, वेळेपासूनचे आमचे कारागीर.

अकराच्या सुमाराला पंचेचाळीस-सत्तेचाळिशीचे एक गृहस्थ आले. अंबडच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहेत, हे नंतर बोलण्यात कळलं. रेनकोटच्या आत छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं होतं. दोन प्लास्टिकच्या पिशव्या सोडवल्यावर पुठ्ठ्याच्या पेटीतून एक भलं मोठं पुस्तक निघालं. बारा इंची पट्टी उंचीला जेमतेम पुरली. वजनकाट्यावर ठेवलं तर दोन किलोच्या वर भरलं. ते 'वॉचमेन' हे अमेरिकन कॉमिक होतं, डीसी कंपनीच्या 'अ‍ॅब्सोल्यूट' मालिकेतलं, २००५ सालचं.

"दादा, पुस्तक पुठ्ठ्यातून सुटतंय. कुणाकडे द्यायची हिंमत होत नाही."

मी उघडून पाहिलं. शिवण शाबूत होती. फाटलं होतं ते अस्तर, म्हणजे पुठ्ठा आणि पानं जोडणारा आतला कागद, पुढच्या पुठ्ठ्याच्या सांध्याशी, वरपासून अर्ध्यापर्यंत. मी विचारलं, "कपाटात उभं ठेवता ना?" ते म्हणाले, "हो, सगळीच उभी."

तिथेच सगळं आलं. कडक बांधणीच्या पुस्तकात पुठ्ठे पानांपेक्षा तीनेक मिलिमीटर बाहेर असतात. पुस्तक उभं केलं की फळीवर टेकतात ते पुठ्ठे, पानं नाहीत. पानांचा गठ्ठा आत लटकत असतो, आणि त्याचा भार पेलतं ते फक्त सांध्याचं कापड आणि अस्तराचा कागद. पावशेराच्या कादंबरीला त्याने काही होत नाही. दोन किलो आर्ट पेपर वर्षानुवर्षं असा लटकला की कागद कधीतरी हार मानतोच. अशी पुस्तकं आडवी ठेवायची, एकावर एक दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही. उभीच ठेवायची असतील तर पेटीत पानांच्या खाली बरोबर त्या तीन मिलिमीटरच्या जाडीचा पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे गठ्ठ्याला खालून आधार मिळतो. नाशिकच्या पावसाळ्यात आणखी एक सांभाळायचं. आर्ट पेपरला चकाकीसाठी मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, आणि ती सोडवणं आमच्या हातात राहत नाही.

हे सगळं ते मोबाइलवर टिपून घेत होते. मला बरं वाटलं. लोक सहसा 'किती होतील आणि कधी मिळेल' एवढंच विचारतात.

मग मी माझी शंका विचारली. हीच गोष्ट लहान आकारात मिळत असेल, स्वस्तही असेल, मग एवढा मोठा घाट कशाला? त्यांनी टेबलावरची माझीच पट्टी उचलली. नेहमीचं अमेरिकन कॉमिक साडेसहा इंचांहून थोडं रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतं. पण चित्रकार त्या मापात काढत नाही. तो अकरा बाय सतराच्या बोर्डावर, दहा बाय पंधराच्या चौकटीत काढतो, आणि छापताना ते साधारण दोन तृतीयांशावर येतं. "म्हणजे आपण आयुष्यभर आकसलेलं चित्र पाहतो," ते म्हणाले. "हे पुस्तक त्यातलं थोडं परत देतं." 'वॉचमेन'ची बहुतेक पानं नऊ चौकटींची आहेत, तीनच्या तीन ओळी. लहान आकाराच्या जाड पुस्तकात पाठीकडच्या तीन चौकटी मध्यात वाकतात, पान दाबून बघाव्या लागतात. या मोठ्या पुस्तकात त्या सरळ समोर येतात.

त्यांनी आणखी दोन प्रकार सांगितले, ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. एक, 'लिटल नेमो'चं २००५ सालचं पुस्तक. १९०५ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात रविवारी अख्खं पानभर येणारी ही चित्रकथा त्या वर्तमानपत्राच्याच मापात, सोळा बाय एकवीस इंचांत, पुन्हा छापली. दुसरा, आयडीडब्ल्यू कंपनीने २०१० पासून काढलेल्या 'आर्टिस्ट्स एडिशन'. त्यात चित्रकाराचा मूळ बोर्ड जसाच्या तसा, त्याच आकारात असतो. चित्र काळ्या शाईचं असलं तरी रंगीत स्कॅन करतात, त्यामुळे पुसलेली निळी पेन्सिल, चुकीवर फासलेला पांढरा रंग, डकवलेल्या संवादाच्या फुग्याची कड, सगळं दिसतं. ऐकताना मला वाटलं, असं पुस्तक बांधायला मिळालं तर मी एक दिवस नुसता बघत बसेन.

पावती लिहायला घेतली तेव्हा त्यांनी दुसरी पिशवी काढली.

"खरं काम हे आहे."

काळं रेक्झिन, लाल कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं उडालेली. मी पुठ्ठा उघडला आणि आतल्या बाजूला आमच्या दुकानाचं लेबल दिसलं. अण्णांच्या काळातलं, हिरव्या शाईचं. खाली अण्णांच्याच हातची तारीख, १९८२ सालची.

आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे वीस अंक. वेताळ, मँड्रेक, बहादूर. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली सुरू केलेली आणि १९९० साली बंद पडलेली ही मालिका माझ्या पिढीला वेगळी सांगायला नको. गृहस्थांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, टपाल तिकिटांच्या छपाईत. आयुष्यभर नखाएवढी चित्रं शीटवर तपासणारा माणूस, आणि घरी आल्यावर मुलाला मांडीवर घेऊन वेताळ वाचायचा. अंक रद्दीत जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते आमच्याकडे बांधायला दिले होते.

मी पानं उलटत गेलो. तिसऱ्या-चौथ्या पानावर हात थांबला. फुग्यातल्या ओळींची शेवटची अक्षरं कापली गेली होती. आणि कापल्या कडेला, उरलेल्या दोन मिलिमीटर जागेत, पेन्सिलीने ती अक्षरं लिहिलेली होती. तिकिटावर मावतील एवढी बारीक, सुबक. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढच्याही. वरच्या बाजूला ओळच गेली होती तिथे चौकटीच्या आत, आकाशाच्या रिकाम्या जागेत ती ओळ लिहिली होती. वीसच्या वीस अंकांत.

"बाइंडिंग होऊन आलं त्या रात्री बाबा लिहायला बसले," ते म्हणाले. "महिनाभर रोज थोडं थोडं. त्यांना सगळं पाठ होतं."

काय झालं असेल ते मला न सांगता दिसत होतं. वीस अंक, एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही. तिन्ही बाजू एकसारख्या हव्यात तर कटिंग मशीनला सगळ्यांत लहान अंकाचं माप लावायचं, की बाकीच्यांच्या कडा गेल्या. त्यात हे कॉमिक, समास आधीच तुटपुंजा. वेताळ मुळात अमेरिकन वर्तमानपत्रात १९३६ पासून येणारी आडवी पट्टी. तीच कापून, जुळवून या उभ्या पानात बसवलेली. एकदा कात्री लागलेल्या चित्राला आमच्याकडे दुसऱ्यांदा पातं लागलं होतं. चौथी बाजूही सुटली नव्हती. जुजबंदी, म्हणजे प्रत्येक अंक घडीतून वेगळा शिवणं, करायला वेळ लागतो म्हणून अण्णांनी दाभणाने कडेने आरपार भोकं पाडून शिवलं होतं. त्यामुळे पाठीकडचा अर्धा इंच शिवणीत गेला होता. तिथेही पेन्सिलीचे शब्द होतेच.

मामा केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी चष्मा लावून दोन पानं पाहिली.

"हे माझ्या हातचं कटिंग आहे," मामा म्हणाले. "तेव्हा मशीनवर मीच असायचो."

गृहस्थ चटकन म्हणाले, "मामा, बाबांनी कधी तक्रार केली नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे हे अंक होते. आज एकाकडेही नाहीत. हे बांधलेले म्हणून राहिले."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मामांचंही. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी नीट विचार करून आणलं होतं. अंक सोडवायचे. प्रत्येक पान मोठ्या, जाड, आम्लविरहित कागदावर फक्त एका कडेने जपानी टिश्यूच्या पट्टीवर धरायचं, म्हणजे मागची बाजूही उलटून वाचता येईल. माप दहा बाय चौदा. पाठीला अल्बमसारख्या कागदी पट्ट्या घालायच्या, म्हणजे पुस्तक पुढून फुगणार नाही. चौफेर कोरी जागा, आणि मधोमध ते छोटं पान, पेन्सिलीसकट. अमेरिकन प्रकाशक चित्र मोठं करतात. यांना चित्र तेवढंच ठेवून त्याच्याभोवतीची जागा मोठी करायची होती.

"एक अंक आत्ता सोडवून दाखवाल?" त्यांनी विचारलं.

दोरा कापला, चिमट्याने टोकं ओढली. शेवटच्या अंकाच्या पाठीला खळीचा थर होता, हिरवट झालेला. तो मोरचुदाचा रंग. अण्णा खळीत मोरचूद घालायचे, तेव्हा सगळेच घालायचे, कसर आणि वाळवी लागू नये म्हणून. कसर लागली नव्हती खरी. पण तांब्याचा क्षार कागद आतून जाळत राहतो, आणि लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद तसाही ठिसूळ. जिथे खळ लागली होती तिथे तो तपकिरी होऊन बोटाखाली चुरत होता. आता आम्ही अशा कामाला मोरचूद घालत नाही, नुसती गव्हाच्या सत्त्वाची खळ. पिना गंजल्या होत्या, त्या वाकवून न ओढता तोडून काढल्या.

घडी उलगडली आणि १९८२ पासून शिवणीत असलेला अर्धा इंच उजेडात आला. तिथला रंग बाकी पानासारखा पिवळा पडलेला नव्हता. लाल खरोखरीचा लाल होता. आणि तिथे छापलेली अक्षरं होती, पूर्ण.

आम्ही तिघं टेबलावर वाकलो. मामा पेन्सिलीतला शब्द वाचायचे, मी शिवणीतून निघालेला छापील शब्द वाचायचो. पहिलं पान, बरोबर. दुसरं, बरोबर. ऱ्हस्व-दीर्घासकट. प्रेसमधल्या त्या माणसाने निव्वळ आठवणीवर लिहिलेलं होतं आणि छपाईशी ते जुळत होतं. बाहेर पाऊस एवढा वाढला होता की मोठ्याने वाचावं लागत होतं. सातव्या पानावर गृहस्थांनी खुर्ची ओढून घेतली, तोंड दुसरीकडे वळवलं. मी वाचायचं थांबलो. "चालू द्या," ते म्हणाले.

बाराव्या पानावर एक शब्द वेगळा निघाला. अर्थ जवळपास तोच, पण शब्द दुसरा. मामांनी परत परत पाहिलं. मी विचारलं, पेन्सिलीचा ठेवायचा की खोडरबराने हलका करायचा?

"दोन्ही राहू द्या. बाबा मला वाचून दाखवायचे तेव्हा त्यांचाच शब्द असायचा."

ते गेल्यावर मी कामाच्या वहीत नोंद केली. आमच्या वहीत प्रत्येक कामापुढे एक रकाना असतो, कटिंग किती बाजूंनी. त्यात अण्णांपासून 'तीन' लिहायची रीत. पेन हातात घेतलं तर मामा म्हणाले, दे इकडे. त्यांनी आपल्या थरथरत्या अक्षरात दोन्ही पुस्तकांपुढे लिहिलं, 'कटिंग नाही'.