डॉक अपडेट: विसाव्या पिनने तीन आठवडे घेतले

मंडळी, माझा थिंकपॅड टी४२० लॅपटॉप डॉकवर बसवला की चालूच होत नव्हता, त्याचं कारण सापडलं! मिनी डॉक प्लसमध्ये (लॅपटॉप ज्यावर बसवून मॉनिटर वगैरे जोडतात तो डॉक) काही बिघाड नाही, टी४२० मध्येही नाही. सगळा घोळ मॉनिटरला जोडणाऱ्या डिस्प्लेपोर्टच्या केबलचा होता.

मागच्या अपडेटनंतर तुम्ही सुचवलेलं सगळं करून झालं. ९० वॅटचा दुसरा अडॅप्टर लावला. डॉक कनेक्टर आयपीएने (सफाईचं अल्कोहोल) घासून चकचकीत केला. तरी तेच. डॉकवर बसवून बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेऊन गप्प, आणि उचलून बाजूला ठेवला की टी४२० मुकाट चालू. डॉक उघडून कपॅसिटर बदलायचेच असं ठरवून सोल्डरिंगचं सामान टेबलावर काढलंही होतं.

तेवढ्यात गुरुवारी लाइट गेली. मॉनिटर यूपीएसवर, डॉक थेट भिंतीच्या सॉकेटवर, आणि लॅपटॉप बॅगेत. अंधारात बघतो तर डॉकच्या बटणाचा दिवा मंद पेटलेला! मॉनिटरची केबल उपसली, दिवा विझला. परत खोचली, पेटला. नुसतं बघायला म्हणून पाच-सहा वेळा केलं. तीन आठवड्यांत इतका आनंद झाला नव्हता.

डिस्प्लेपोर्टच्या २० पिनांपैकी विसावी ३.३ व्होल्टची. कन्व्हर्टरला वीज द्यायची सोय म्हणून ती मॉनिटरकडेही असते आणि डॉककडेही. म्हणूनच साध्या केबलमध्ये ती पिन या टोकाकडून त्या टोकाला जोडायची नाही, असं स्टँडर्डच सांगतं. माझ्या केबलमध्ये ती जोडलेली होती. मॉनिटरची वीज उलटी डॉकमध्ये शिरायची आणि माझ्या मते त्यामुळे डॉक कधी पूर्ण बंदच होत नव्हता. मॉनिटर व्हीजीए केबलने जोडला की सगळं सुरळीत का चालायचं, तेही आता कळलं.

तपासायला मल्टीमीटरचा प्रोब जाड पडतो. मी प्रोबला टाचणी बांधली आणि दोन्ही टोकांच्या विसाव्या पिनांवर टेकवली. बीप वाजला तर केबल बाद. आधी त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीजरोधक चिकटपट्टी) बारीक पट्टी चिकटवून पाहिली, पण दोनदा काढ-घाल केल्यावर ती सरकली. हा जुगाड नको.

शनिवारी तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) टाचणी घेऊनच गेलो. पहिल्या दुकानात पाकीट फोडू देईनात. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतःहून चार केबली समोर ठेवल्या, ‘बघा तुम्हीच.’ चारांपैकी एक वाजली, तीन गप्प. दिसायला चारही सारख्या, त्यामुळे वेष्टनावरच्या सोनेरी अक्षरांवर जाऊ नका. एक घेतली. चार दिवस झाले, डॉक एकदाही अडला नाही.

आता तिसरा स्क्रीन. टी४२० च्या एचडी ३००० ग्राफिक्सला एका वेळी दोनच डिस्प्ले झेपतात, म्हणून डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर (यूएसबीवरून जादा स्क्रीन जोडणारा) मागवणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं, टी४३० ला हाच डॉक चालतो, आणि त्यातल्या आयव्ही ब्रिज पिढीच्या प्रोसेसरवर तीन डिस्प्ले निघतात. बाहेरचे दोन्ही मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर घेतले की झालं. म्हणजे अडॅप्टर रद्द, त्या पैशांत टी४३० ची बॉडी बघतो, आणि काकांकडून आणखी एक गप्प केबल. रविवारी जुन्या बाजारात चक्कर आहे. कुणाकडे टी४३० पडून असेल, स्क्रीन फुटलेला असला तरी चालेल, तर त्याआधी सांगा.